खाजणाकाठची आणि किनाऱ्यावरची पक्षिफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाजणाच्या काठाने सुरू होऊन वाळूच्या दांड्यावरून समुद्राकडे जाणारी पक्षिफेरी करायला माणसं येतात, तेव्हा बहुतेक प्रश्न तेच असतात. एकेकाळी मीही तेच विचारत होते.

खाजण म्हणजे नेमकं काय?

समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूचा दांडा किंवा प्रवाळाची भिंत आडवी आली की तिच्या मागे उथळ पाणी अडतं. ते खाजण. लगून म्हणतात तेच. बहुतेक खाजणांना एखादं अरुंद मुख असतं. भरतीला समुद्र त्यातून आत शिरतो आणि ओहोटीला बाहेर पडतो. मागच्या बाजूने ओढे-नद्या गोडं पाणी आणतात. त्यामुळे एकाच खाजणाचं पाणी पावसानंतर निमखारं असतं, तर कडक उन्हात आटून समुद्रापेक्षाही खारट होतं. काही खाजणांची मुखं तर वर्षातले काही महिने वाळूने बुजलेली असतात.

पक्ष्यांना इथे काय मिळतं? लाटांचा मारा नाही, घोट्याएवढं पाणी आणि खालच्या गाळात कृमी, कोळंबीवर्गातले बारीक जीव, शिंपले, माशांची पिल्लं. दांड्याच्या पलीकडे तेच खारं पाणी, पण तिथलं गिऱ्हाईक वेगळं. फेरी दोन्ही बाजूंनी करायची ती म्हणून.

किती वाजता यायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर भिंतीवरच्या घड्याळात नाही. आधी त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

पहिल्या तीन फेऱ्या मी जंगलात जायच्या सवयीने केल्या. पहाटे उठून सूर्योदयाला हजर. तिन्ही वेळा पूर्ण ओहोटी होती. अर्धा-पाऊण किलोमीटर चिखल पसरलेला आणि पक्षी त्याच्या पार टोकाला, तिळाएवढे. तासभर मी तीळ मोजले. एकदा एका पांढऱ्या बगळ्याकडे बराच वेळ दुर्बीण लावून उभी होते. वारा आल्यावर तो उडाला आणि प्लॅस्टिकची पिशवी निघाला.

बऱ्याचशा किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते आणि काही समुद्रांत पाणी जेमतेम हातभर हलतं. तिथे हा हिशोब चालत नाही.) ओहोटीला चिखल उघडा पडला की पाणथळीचे छोटे पक्षी त्यावर दूरवर पांगतात. पाणी चढायला लागलं की त्यांचं ताट आकसत जातं आणि खाता खाता ते आपसूक काठाकडे सरकतात. तुम्ही काठावर आधीपासून गप्प बसलेले असाल, तर पक्षीच तुमच्याकडे चालत येतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की सगळे उडून वाळूच्या दांड्यावर, खडकांवर किंवा मिठागराच्या बांधावर विसाव्याला दाटीवाटीने उभे राहतात.

म्हणून भरतीच्या अडीच-तीन तास आधी खाजणाच्या काठावर पोहोचावं. भरतीच्या सुमारास दांड्यावरचा विसावा दुरून बघावा आणि मग समुद्राच्या बाजूने परत यावं. खाजणाचं मुख अरुंद असल्यामुळे आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उशिरा चढतं आणि उशिराच उतरतं. छापील वेळ समुद्राची असते, खाजणाची नव्हे. किती उशीर होतो हे त्या त्या जागी दोन-चार वेळा जाऊनच कळतं.

तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते. पाणी इतकं चढतं, की कधी विसाव्याची जागाच बुडते आणि थवे भलतीकडे निघून जातात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चिखल पुरता बुडतच नाही आणि पक्षी जवळ येत नाहीत. या दोन्हींच्या मधले दिवस मला सगळ्यात आवडतात.

म्हणजे पहाटे उठायचं नाही?

भरती सकाळी असेल तर उठा. भर दुपारची भरती मात्र सोडून द्या. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि महागातल्या महाग दुर्बिणीतूनही पक्षी पाण्यात बुडाल्यासारखे हलताना दिसतात. ऊन पाठीवर घेता येईल अशी बाजू निवडा. चमकत्या पाण्यापुढचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

कोणते पक्षी दिसतील?

ते किनाऱ्यावर आणि ऋतूवर ठरतं, पण जगभरात माणसं, म्हणजे पक्षी, त्याच त्या घराण्यांतले असतात. खाजणात बगळे, पाणकावळे, खंड्या, लांब लाल पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि उष्ण प्रदेशांत रोहित. रोहित म्हणजेच अग्निपंख. स्थलांतराच्या हंगामात थापट्या आणि तलवार बदकांचे थवे असतात. चिखलावर तुतवार, टिलवे, पाणटिवळे, चिखले. समुद्राच्या बाजूला कुरव, सुरय, लाटांच्या कडेने पळणारे सँडरलिंग आणि खडकांवर टर्नस्टोन. हा नावाप्रमाणेच चोचीने दगड आणि शेवाळाचे गुंते उलथून खालचं खातो. वर आकाशात एखादा ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, असतोच. खाजणावरचा सगळा थवा एकदम उठला तर आधी वर बघा.

हे सगळे राखी-तपकिरी पक्षी सारखेच दिसतात. ओळखायचे कसे?

खरं आहे, दिसतात. विणीच्या हंगामात तांबडे-काळे रंग मिरवणारे बरेच पक्षी एरवी राखाडी होतात आणि आपल्याला नेमके तेव्हाच भेटतात. रंगांच्या मागे लागलात तर पहिल्याच दिवशी हा नाद सुटेल. चाल बघा.

चिखल्या पळतो, थबकतो, बघतो, एकदाच टोचतो आणि पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात, कारण तो भक्ष्य नजरेने हेरतो. तुतवाराच्या घराण्यातले बरेच पक्षी मान खाली घालून शिवणयंत्रासारखे टोचत राहतात, कारण ते चिखलाच्या आतलं चोचीने चाचपतात. त्यांच्या चोचीचं टोक अतिशय संवेदनशील असतं. काहींना तर बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येतं. रेड नॉट नावाचा पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसतो, तेव्हा कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो. जवळपास कडक शिंपला असेल तर तो दाब बदलतो आणि प्रत्यक्ष न शिवताही त्याला शिंपल्याचा पत्ता लागतो. साधा तुतवार एकटा-दुकटा काठाकाठाने फिरतो आणि मागचा भाग सारखा खालीवर हलवतो. ही एक सवय लक्षात ठेवली तर तो शंभर पावलांवरून ओळखू येतो.

सँडरलिंग ओळखायला तर पुस्तकच नको. लाट मागे गेली की हे पांढुरके गोळे तिच्यामागे धावतात आणि लाट परतली की तिच्यापुढे पळत येतात. त्यांच्या पायाला मागचं बोटच नसतं.

मग चोच बघा. डोक्याच्या लांबीच्या मानाने आखूड, तेवढीच, दुप्पट? सरळ, खाली वळलेली की वर? आखूड चोचीचे वरवरचं खातात आणि लांब चोचीचे खोलवरचं. एकाच चिखलात दहा जातींचं दुकान भांडण न होता चालतं ते यामुळे. ऑयस्टरकॅचर नावाच्या पक्ष्याची चोच नारिंगी-लाल आणि चिंचोळी असते. तिने तो शिंपले उघडतो किंवा सरळ ठोकून फोडतो.

पहिल्या फेरीत पाच जाती पक्क्या झाल्या तर भरपूर झालं. बाकीच्यांपुढे ‘छोटा पाणपक्षी’ असं लिहायला लाजू नका. मी अजून लिहिते.

कुरव आणि सुरय यांत फरक काय?

कुरव जाडजूड, रुंद पंखांचा. पाण्यावर बदकासारखा तरंगतो आणि मिळेल ते खातो. सुरय सडपातळ असतो, टोकदार पंख, बहुधा दुभंगलेली शेपटी. उडताना चोच खाली पाण्याकडे रोखलेली असते आणि मासा दिसला की तो डोकं खाली करून कोसळतो. पाण्यावर बसलेला क्वचितच दिसतो. तपकिरी ठिपक्यांची कुरवांची पिल्लं ओळखायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. मोठ्या कुरवांना पुरता पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात आणि दर वर्षी ते वेगळेच दिसतात. भलेभले तिथे गप्प होतात.

उडणारा बगळा, करकोचा आणि चमचा वेगळे कसे सांगायचे?

बगळा उडताना मान आखडून घेतो. करकोचा आणि चमचा मान ताणून उडतात.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. किनारा उघडा असतो, मग १० किंवा १२ पट घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. पण तिथे वाराही उघडाच असतो. पट वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो. लांबच्या विसाव्यासाठी तिपाईवरची एक पक्षिदुर्बीण (एका डोळ्याने बघायची, स्पॉटिंग स्कोप) गटात असली की पुरते. तिपाई जमेल तेवढी खाली ठेवा, म्हणजे वाऱ्याने कमी हलते.

भिंगांवर खारे तुषार आणि वाळू बसते. ती आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड लावा. शर्टाच्या टोकाने पुसलं की वाळू भिंगावर कायमची सही करून जाते.

पक्ष्यांच्या किती जवळ जाता येतं?

मीटरमध्ये उत्तर देणारे लोक आहेत, मला देता येत नाही. रोज माणसं बघणारा बगळा दहा पावलांवर निवांत उभा राहतो, तर नुकताच येऊन उतरलेला थवा दीडशे मीटरवरून उठतो. त्यापेक्षा पक्षी काय सांगतोय ते बघा. खाणारे पक्षी खाणं थांबवून माना वर करतात. झोपलेले पंखांतून चोच बाहेर काढतात. थवा तुमच्याकडे पाठ करून चालू लागतो, एखादा शीळ घालतो. पहिली मान वर झाली की थांबायचं. दोन-तीन वर झाल्या तर दोन पावलं मागे यायचं. उडाले म्हणजे आपण आधीच उशीर केला.

‘थोडे उडाले तर काय बिघडलं, परत बसतात की,’ हे वाक्य मी प्रत्येक हंगामात ऐकते. विसाव्याला उभा असलेला पक्षी आळशी नसतो. त्याचं ताट पाण्याखाली गेलेलं असतं आणि पुढच्या ओहोटीपर्यंत त्याला काही मिळणार नसतं. चिखल दिवसरात्र पाण्याच्या वेळेनुसार उघडतो, म्हणून हे पक्षी रात्रीही खातात आणि भरतीला झोपतात. लांबच्या उड्डाणाआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. दर वेळी उठून घिरट्या घालण्यात तीच खर्च होते. आपण उठवलं, मग पळायला आलेल्या माणसाने, मग कुत्र्याने, मग होडीने. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच उठवलं.

युक्त्या साध्या आहेत. थव्याच्या दिशेने सरळ चालू नका, तिरके चाला. मोकळ्या वाळूवर कपड्यांच्या रंगापेक्षा आकाशापुढे उभी राहिलेली तुमची आकृती जास्त घाबरवते, तेव्हा खाली बसा. थवा बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो. बसायची जागा निवडताना ते लक्षात घ्या, म्हणजे पाठमोरे पक्षी बघत बसावं लागणार नाही.

फोटो काढता येतील का?

जरूर, बसून आणि वाट बघून. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणाऱ्याला मी पुन्हा बरोबर घेत नाही. फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं आणि ड्रोन हेही बंद.

वाळूवर अंडी असतात असं ऐकलं. मग चालायचं कुठून?

भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूवरून. चिखले आणि बरेचसे सुरय घरटं बांधत नाहीत. कोरड्या वाळूत किंवा शिंपल्यांच्या चुऱ्यात उथळ खळगी करतात आणि अंडी तिथेच. अंड्यांवरची नक्षी इतकी वाळूसारखी असते की पायाखाली आल्यावरच कळतं, तेव्हा काही उपयोग नसतो. विणीचा हंगाम प्रत्येक किनाऱ्यावर वेगळा असतो. तो आधी विचारून घ्या आणि त्या महिन्यांत कोरड्या वाळूचा पट्टा सोडाच.

एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे चालला, तर तो जखमी नाही. अंड्या-पिल्लांपासून तुम्हाला लांब नेण्यासाठी नाटक करतोय. त्याच्या मागे जाऊ नका आणि अंडी शोधायला तर मुळीच नको. आलात त्याच पावलांवरून मागे फिरा. सुरय डोक्यावर सूर मारू लागले तरी तेच. उन्हात पालक उठून गेला की अंडी थोड्याच वेळात जास्त तापतात. केंटिश चिखल्या तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो आणि अंड्यांवर बसतो. एवढी धडपड चालू असताना आपण पाच मिनिटं फोटो काढत थांबायचं नसतं.

रोहित गुलाबी का असतात? आणि एका पायावर का उभे राहतात?

रंग खाण्यातून येतो. खाऱ्या पाण्यातली सूक्ष्म शैवालं आणि ती खाणारे बारीक जीव यांच्यात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लं राखाडीच असतात. खाताना रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर खेळवत चोचीच्या कडांच्या चाळणीतून खाणं गाळून घेतो.

एका पायाबद्दल जुनं स्पष्टीकरण असं, की दुसरा पाय पिसांत दडवल्याने उष्णता वाचते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गंमत पुढे आली. मेलेल्या रोहितालाही एका पायावर तोलून उभं करता येतं, दोन पायांवर नाही. म्हणजे एका पायावर उभं राहायला स्नायूंना जवळपास कामच पडत नाही.

हे पक्षी खारं पाणी पितात तरी कसं?

कुरवांसारख्या समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जास्तीचं मीठ त्या गाळतात आणि ते नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने चोचीवर ओघळतं. कुरव डोकं झटकतो तेव्हा बहुधा तेच चाललेलं असतं.

एवढासा पक्षी खरंच खंड ओलांडून येतो?

१३ ऑक्टोबर २०२२ ला एक बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, अलास्काहून उडाला. २४ ऑक्टोबरला तो टास्मानियात उतरला. मध्ये १३,५६० किलोमीटर आणि ११ दिवस, कुठेही न थांबता. पाठीवर उपग्रहाचं छोटं यंत्र होतं म्हणून हे कळलं. पायावरच्या खुणेवरून त्याला बी६ म्हणतात आणि तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. हे पक्षी निघण्याआधी इतकी चरबी साठवतात की पोटातले पचनाचे अवयव आक्रसून तिच्यासाठी जागा आणि वजन मोकळं करतात. पाण्यावर उतरून विश्रांती घेणं त्यांना जमत नाही.

चिखलात शांतपणे टोचणाऱ्या पाणटिवळ्याकडे हे माहीत झाल्यावर मी जरा वेगळ्या नजरेने बघते, इतकंच.

पायात रंगीत झेंडी असलेला पक्षी दिसला तर?

तुमचं नशीब जोरावर आहे. कड्या आणि झेंड्यांचे रंग, त्यांचा क्रम, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली आणि झेंडीवरची अक्षरं, सगळं जागेवरच लिहून घ्या. घरी जाऊन आठवत नाही. रंगांच्या जोडीवरून पक्ष्याला कुठे कडी घातली ते कळतं. नोंद पक्षिकडीकरण करणाऱ्या संस्थेकडे पाठवली की बहुधा त्या पक्ष्याचा आधीचा प्रवास उत्तरात येतो.

हजारोंचा थवा मोजायचा कसा?

आधी दहा पक्षी नीट मोजा आणि दहा म्हणजे केवढी जागा ते डोळ्यांत बसवा. मग त्या मापाने शंभराचा तुकडा आणि शंभराच्या तुकड्यांनी थवा. विसाव्याला उभे असतानाच मोजा. सुरुवातीला आपण बहुतेक जण कमीच मोजतो. जागतिक पाणपक्षी गणना १९६७ पासून दर जानेवारीत अशीच माणसांच्या डोळ्यांनी होते. एरवी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाका. ते २००२ मध्ये सुरू झालं आणि आता जगभरातले हौशी लोक तिथे नोंदी भरताहेत.

परवानगी लागते का?

जागेवर अवलंबून आहे. अनेक मोठी खाजणं रामसर यादीत आहेत. पाणथळींचा हा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी झाला. पण यादीत नाव म्हणजे आपोआप प्रवेशबंदी नव्हे. अभयारण्य आहे का, विणीच्या काळात किनारा बंद असतो का, हे तिथल्या वनखात्याकडे विचारा.

कुत्रा आणला तर चालेल?

नाही. तो कितीही गुणी असला तरी पक्ष्यांना ते माहीत नसतं.

मेलेला किंवा अडकलेला पक्षी सापडला तर?

मेलेल्याला हात लावू नका. पाणपक्ष्यांत एच५एन१ बर्ड फ्लूच्या साथी येतात. एकाच जागी बरेच मेलेले दिसले तर लांबून फोटो काढून वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय खात्याला कळवा. मासेमारीच्या दोऱ्यात जिवंत पक्षी अडकला असेल तर डोक्यावर कापड टाका, म्हणजे तो शांत होतो. दोरा कापून तसाच सोडून देऊ नका, गळ आत रुतलेला असू शकतो. बगळा आणि पाणकावळा थेट डोळ्यांवर चोच मारतात, तेव्हा तोंड लांब ठेवा. बाकीचं काम पशुवैद्याचं.

चिखलात रुतायची भीती असते का?

असते. चिखलात उतरायचंच नाही हा नियम. तिथे पक्षी असतात, आपलं काही काम नसतं. तरी पाय अडकलाच तर जोर लावून उपटू नका, दुसराही जातो. मागे रेलून वजन पसरा आणि पाय थोडा थोडा हलवत सोडवा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे मागून भरणारे ओहळ. समोर पाणी लांब दिसतं आणि तोवर परतीच्या वाटेवरची चर भरलेली असते. दांड्यावर जाताना भरतीची वेळ गटातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. विजा चमकत असतील तर जाऊच नका. मोकळ्या वाळूवर सगळ्यात उंच तुम्हीच असता.

फेरी किती लांब असते?

दोन-तीन किलोमीटर आणि चार तास. हिशोब चुकलेला नाही, बहुतेक वेळ बसण्यातच जातो. टोपी, पाणी आणि बसायला काहीतरी आणा.

किनाऱ्यावर शेवाळाचा कचरा पडलेला असतो. तो साफ का करत नाहीत?

तो कचरा नाही. भरतीने आणून टाकलेल्या त्या रांगेत वाळूउड्या (वाळूत उड्या मारणारे कोळंबीवर्गातले बारीक जीव) आणि माश्यांच्या अळ्या असतात आणि चिखले, टर्नस्टोन त्यावर जगतात. यंत्र फिरवून चकाचक केलेल्या किनाऱ्यावर माणसांना बरं वाटतं आणि पक्ष्यांना खायला उरत नाही. त्यातलं प्लॅस्टिक, जाळी आणि दोरे मात्र हाताने वेचून न्या. मी एक पिशवी नेहमी बरोबर ठेवते. (होय, तीच. बगळा निघालेली.)

आणि काहीच दिसलं नाही तर?

तारीख, वेळ, भरती किती वाजताची होती आणि वारा कुठून होता ते लिहा. पुढे शून्य लिहा. गेल्या वर्षी याच दिवसांत इथे थवा होता का, हे विचारणाऱ्याला ते शून्य लागतं.